आतड्याच्या कर्करोगानंतरची सीईए चाचणी : पैसे वसूल, पण अटी लागू

पुण्यातील जवळजवळ प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात सीईए (कार्सिनोएम्ब्रिओनिक अँटिजेन) नावाची एक रक्तचाचणी असते. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि मधुमेहाच्या चाचण्यांच्या गर्दीत ती सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु ज्या घरात मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्या घरात दर काही महिन्यांनी याच चाचणीच्या रिपोर्टची सर्वाधिक वाट पाहिली जाते. माझ्या थोरल्या काकांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या तपासण्यांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि त्यामुळे गेली काही वर्षे मी या चाचणीचा ग्राहक आहे. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण झालेले असल्यामुळे वैद्यकीय संशोधन वाचण्याची सवय तेवढी आहे. हे परीक्षण चाचणीचे आहे, तसेच ती ज्या पद्धतीने आपल्याला विकली जाते त्या सेवेचेही आहे, कारण या दोहोंना वेगळे काढले तर चाचणीला दिलेला दोष पुष्कळदा सेवेचा निघतो आणि सेवेला दिलेले श्रेय चाचणीचे. माझे मत आधीच सांगतो : निदान झालेल्या आणि उपचार घेतलेल्या रुग्णासाठी ही चाचणी तिच्या किमतीच्या मानाने उत्तम आहे, मात्र ती एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने आणि डॉक्टरांनी आखलेल्या वेळापत्रकानुसार केली तरच.

चाचणी ज्या पदार्थाचे मोजमाप करते ते एक ग्लायकोप्रोटीन, म्हणजे शर्करेच्या साखळ्या जोडलेले प्रथिन आहे. १९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत आणि गर्भाच्या आतड्यात आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा कर्करोग ओळखण्याची किल्लीच हाती लागली असा अनेकांचा समज झाला होता. तो फार काळ टिकला नाही. निरोगी प्रौढांच्या रक्तातही हे प्रथिन अल्प प्रमाणात असते, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते वाढलेले असते, आणि यकृताचा दाह, सिरॉसिस, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा दीर्घकालीन दाह किंवा फुप्फुसाचे जुनाट विकार यांमध्येही ते चढते. शिवाय रक्तातून ते बाहेर टाकण्याचे काम यकृत करीत असल्याने, यकृतच थकलेले असले तर आकडा निष्कारण वर जातो. रिपोर्टवर सामान्य मर्यादा म्हणून जे छापलेले असते, ते धूम्रपान न करणाऱ्यांसाठी साधारणपणे अडीच ते तीन आणि करणाऱ्यांसाठी पाच नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास असते. या मर्यादेकडे पाहून सुटकेचा निःश्वास टाकणे किंवा घाबरून जाणे, दोन्ही घाईचे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

या चाचणीची खरी उपयुक्तता पहिल्या आकड्यात नसून आकड्यांच्या मालिकेत आहे. काकांच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जननी सीईए करून घेतली होती आणि ती चढी होती. गाठ पूर्णपणे निघाली असेल तर रक्तातील हे प्रथिन साधारणपणे आठवडाभराच्या आत निम्मे होते, पुन्हा तेवढ्याच काळात त्याच्या निम्मे, असे करीत चार ते सहा आठवड्यांत ते सामान्य पातळीवर यायला हवे. काकांच्या बाबतीत तसे झाले आणि ऑन्कोलॉजिस्टनी (कर्करोगतज्ज्ञांनी) त्या खाली आलेल्या आकड्याला अधोरेखित करून 'हा यांचा पाया' असे फाइलवर लिहिले. त्यानंतरचा प्रत्येक रिपोर्ट छापील मर्यादेशी नव्हे, तर या पायाशी ताडून पाहायचा असतो. दीडवरून चारवर गेलेला आकडा छापील मर्यादेत बसत असला तरी लक्ष देण्याजोगा असतो आणि वर्षानुवर्षे साडेपाचवर स्थिर असलेला एखाद्या विडी ओढणाऱ्या गृहस्थांचा आकडा लाल अक्षरात छापला गेला तरी चिंतेचा असेलच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ही चाचणी करायची राहून गेली, तर पुढच्या सर्व रिपोर्टांचे मूल्य उणावते. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण आतडे बंद पडल्यामुळे तातडीच्या शस्त्रक्रियेला जातात आणि तेथे हे हमखास राहून जाते. ज्यांच्या हाती वेळ आहे, त्यांनी मात्र ती आधी करून घेतली जात आहे ना, एवढे आवर्जून विचारावे.

केमोथेरपीच्या काळातील रिपोर्टांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे घरच्या माणसांची झोप उडते. काकांच्या लसीकाग्रंथींपर्यंत आजार पोहोचलेला असल्याने त्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन ही औषधे सुरू झाली. त्यांतील एका टप्प्यावर सीईए पायापेक्षा वर सरकली. ऑन्कोलॉजिस्टनी यकृताच्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तेही किंचित चढलेले होते, आणि त्यांनी केमो संपल्यावर पुन्हा तपासू असे सांगितले. ही टाळाटाळ नव्हती. ऑक्सॅलिप्लॅटिनने आणि फ्लुरोयुरॅसिल गटातील औषधांनी (कॅपेसिटाबिन त्यांतलेच) यकृताला होणाऱ्या तात्पुरत्या इजेमुळे आकडा वाढू शकतो, हे चांगले नोंदले गेलेले आहे. आजार पसरलेल्या रुग्णांमध्येही उपचार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत औषध लागू पडत असताना सीईए क्षणिक उसळी मारू शकते, म्हणून त्या काळातील एकट्या आकड्यावरून औषध निकामी ठरवू नये, असा संकेत आहे. काकांचा आकडा केमो संपल्यानंतर पुन्हा पूर्वपदावर आला. रिपोर्ट मोबाइलवर रुग्णाच्या आधी नातेवाइकांना मिळण्याच्या आजच्या व्यवस्थेत ही माहिती रिपोर्टच्याच तळाशी दोन ओळींत छापायला काही हरकत नसावी. आहाराच्या सूचना आणि सवलतीची जाहिरात छापायला जागा पुरते, तेव्हा इतके तर सहज शक्य आहे.

आता सेवेविषयी. घरी येऊन रक्त घेण्याची सोय ही खरोखर मोठी सुविधा आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. चाचणीसाठी उपाशी राहावे लागत नाही, पिवळ्या झाकणाच्या एका नळीत थोडे रक्त पुरते, आणि रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी मिळतो. केमोमुळे हातापायांना मुंग्या येत असलेल्या आणि थंड वस्तूला हात लावता न येणाऱ्या माणसाला रांगेत बसावे लागत नाही, याचे मोल पैशात सांगता येणार नाही. आमच्याकडे येणारे तंत्रज्ञ कुशल होते. केमोने नाजूक झालेल्या शिरा शोधण्यासाठी त्यांना दुसऱ्यांदा टोचावे लागल्याचे मला फारसे आठवत नाही.

तक्रार आहे ती रक्त नळीत गेल्यानंतरच्या प्रवासाविषयी. आम्ही सुरुवातीला ज्या खासगी लॅबची सेवा घेत होतो, तिने मध्येच कधीतरी हे नमुने दुसऱ्या शाखेकडे पाठविण्यास सुरुवात केली. तेथील यंत्र वेगळ्या कंपनीचे होते आणि मोजण्याची पद्धतही वेगळी. सलग अनेक रिपोर्टांत स्थिर असलेला आकडा एकाएकी जवळपास दीडपट झाला. ऑन्कोलॉजिस्टनी रिपोर्टच्या शेवटच्या पानावरील बारीक अक्षरे वाचली, आधीच्या रिपोर्टांवर इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्स आणि या रिपोर्टवर दुसऱ्याच पद्धतीचे नाव असल्याचे दाखवून दिले, आणि तीच चाचणी रुग्णालयाच्या लॅबमध्ये जुन्या पद्धतीने पुन्हा करून घेतली. आकडा जागेवरच होता. मधल्या काळात घरात जे वातावरण होते, त्याचे वर्णन मी येथे करीत नाही. लॅबच्या ग्राहक सेवेला विचारले असता दोन्ही यंत्रे अद्ययावत आहेत आणि दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत, असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. फक्त आमच्या प्रश्नाला ते लागू नव्हते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. या चाचण्यांमध्ये दोन प्रतिपिंड वापरले जातात. एक सीईएच्या रेणूला पकडून ठेवतो आणि दुसरा त्याला चिकटून प्रकाशाचा संकेत देतो. प्रत्येक कंपनीचे प्रतिपिंड या रेणूच्या वेगवेगळ्या भागांना ओळखतात, आणि हा रेणू तर शर्करेच्या साखळ्यांमुळे रुग्णागणिक काहीसा बदलणारा. जागतिक आरोग्य संघटनेने मोजमापासाठी ७३/६०१ या क्रमांकाचा एक संदर्भ-नमुना फार पूर्वीच ठरवून दिला आहे आणि कंपन्या आपली यंत्रे त्यावरून जुळवितात, तरीही एकाच रक्तावर दोन पद्धतींचे निकाल तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून लॅबने पद्धत बदलली, तर काही काळ जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी मोजून रुग्णाचा पाया नव्याने ठरवून द्यावा, अशी चांगल्या प्रयोगशाळांची शिस्त आहे. निदान बदलाची ठळक सूचना तरी पहिल्या पानावर द्यावी. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे प्रमाणपत्र पाहून आपण निर्धास्त होतो, परंतु ते प्रमाणपत्र त्या प्रयोगशाळेच्या कामाच्या शिस्तीविषयी असते; आपला मागचा आणि आजचा नमुना एकाच यंत्रावर लागला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

आणखी एक बाब लॅबने विचारायला हवी होती आणि विचारली नाही : बायोटिन. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते आणि केमोनंतर केस विरळ झालेले रुग्ण कोणाच्या तरी सांगण्यावरून त्या हमखास सुरू करतात. ज्या यंत्रांत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीचा वापर होतो, त्यांत रक्तातील जादा बायोटिनमुळे अशा प्रकारच्या चाचणीचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली यासंबंधी जाहीर इशारा दिला होता आणि त्यानंतर कंपन्यांनी आपल्या किट्समध्ये सुधारणाही केल्या. तरीसुद्धा कर्करोगाच्या पाठपुराव्यात खोटा दिलासा खोट्या भीतीपेक्षा घातक असतो, त्यामुळे रक्त घेणाऱ्याने विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न असावा. रुग्णालयाच्या लॅबमध्ये तो विचारला जातो, हे नंतर आमच्या अनुभवास आले.

चाचणी किती अचूक आहे, या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या समीक्षेत मिळते. उपचारानंतर आजार उलटला, म्हणजे पुन्हा आला आहे का, हे सीईएवरून कितपत कळते, याविषयीचे ५२ अभ्यास तिच्यात एकत्र पाहिले गेले. पाच ही मर्यादा धरली तर आजार उलटलेल्या १०० जणांपैकी ७१ जण पकडले जातात आणि २९ निसटतात. आजार न उलटलेल्या १०० पैकी १२ जणांना विनाकारण धास्ती बसते. मर्यादा अडीचवर आणली तर ८२ पकडले जातात, पण २० जणांना उगाच तपासण्यांच्या फेऱ्यात जावे लागते. दहावर नेली तर उगाच घाबरणारे तिघेच उरतात, मात्र पकडले जाणारे ६८ वर येतात. म्हणजे पाचवरून दहावर गेल्याने पकडण्यातील नुकसान थोडे आणि खोट्या धास्तीतील बचत मोठी आहे. म्हणूनच त्या समीक्षेच्या लेखकांनी पुढील तपासण्यांसाठी दहाची मर्यादा आणि निसटणाऱ्यांसाठी सोबत स्कॅनची जोड सुचविली. आपल्या लॅबचे संगणक मात्र छापील मर्यादा ओलांडली की आकडा लाल करतात, आणि लाल रंगाला टक्केवारी कळत नाही.

निसटणाऱ्या एकोणतीस जणांविषयी कोणतीही लॅब बोलत नाही, ही मला या सेवेतील सर्वांत मोठी उणीव वाटते. काही गाठी हे प्रथिन पुरेसे तयारच करीत नाहीत. अशा रुग्णाचे सीईएचे रिपोर्ट आजार परतलेला असतानाही उत्तम येत राहतात. त्यामुळे सीईए चांगली आली म्हणून सीटी स्कॅन किंवा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) पुढे ढकलणे हा या चाचणीचा उघड गैरवापर आहे, आणि खर्चाच्या ताणाखाली तो आपल्याकडे वारंवार होतो. सीईए काही शे रुपयांत ते हजाराच्या आसपास होते, स्कॅनला त्याच्या अनेक पट लागतात. मोह समजण्यासारखा आहे, पण एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

ज्याने या चाचणीवर नियमितपणे पैसे खर्च करायचे आहेत, त्याने एक अवघड प्रश्नही विचारला पाहिजे : आजार लवकर कळल्याने रुग्ण अधिक जगतो का? इंग्लंडमधील ३९ रुग्णालयांत १२०२ रुग्णांवर झालेल्या फॅक्स (FACS) या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात काहींना केवळ लक्षणे दिसल्यास तपासले गेले, काहींची पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढील तीन वर्षे दर सहा महिन्यांनी सीईए केली गेली, काहींना नियमित सीटी आणि काहींना दोन्ही. आजार उलटल्यावर तो पूर्ण बरा करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया करता आली असे रुग्ण पहिल्या गटात २.३ टक्के, सीईएच्या गटात ६.७ टक्के, सीटीच्या गटात ८ टक्के आणि दोन्हींच्या गटात ६.६ टक्के होते. वाढ स्पष्ट आहे, आणि काही शे रुपयांची चाचणी सीटीच्या जवळपास पोहोचते, हे तिच्या बाजूने ठळकपणे मांडावे लागेल. पण एकूण मृत्यूंच्या संख्येत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे २०१८ साली स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वे येथील २५०९ रुग्णांचा कोलोफॉल अभ्यास आला. त्यात तीन वर्षांत पाच वेळा सीटी व सीईए केलेल्यांची आणि दोनच वेळा केलेल्यांची तुलना झाली. पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १३ आणि १४.१ टक्के निघाले, म्हणजे व्यवहारात सारखेच.

यावरून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. आतड्याच्या कर्करोगाचे एक वेगळेपण असे की यकृतात किंवा फुप्फुसात उलटलेला मोजका आजार अनेकदा शस्त्रक्रियेने काढता येतो आणि त्यानंतर काही रुग्ण दीर्घकाळ निरोगी राहतात. लवकर कळण्याला येथे निदान काही अर्थ आहे. ज्या आजारात लवकर कळूनही वेगळे काही करता येत नाही, तेथे मार्करच्या, म्हणजे आजाराची चाहूल देणाऱ्या रक्तातील अशा पदार्थाच्या, मागे धावणे उलट हानिकारक ठरू शकते. अंडाशयाच्या कर्करोगातील सीए-१२५ या मार्करचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात मार्कर वाढताच केमो सुरू केलेल्या स्त्रिया आणि लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्या स्त्रिया यांची तुलना केली गेली. पहिल्या गटात केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली, पण सरासरी आयुष्य मध्यकाने मोजले असता २५.७ महिने भरले, थांबलेल्यांचे २७.१ महिने, लवकर उपचार घेणाऱ्यांच्या वाट्याला मात्र जीवनमानाची घसरण लवकर आली. त्यामुळे सीईएची शिफारस करताना मी ती आतड्याच्या कर्करोगापुरतीच करीत आहे. शेजारच्या काकूंना दुसऱ्या प्रकारचा कर्करोग असेल, तर आमचे वेळापत्रक त्यांना लागू पडत नाही.

अलीकडे या चाचणीला एक महागडा प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे. गाठीतील पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि ते शोधून उरलेल्या आजाराचा माग काढता येतो. त्याला सीटीडीएनए चाचणी किंवा लिक्विड बायोप्सी म्हणतात. हे तुकडे रक्तातून काही मिनिटांत ते दोन-अडीच तासांत निम्मे होतात, त्यामुळे हा मार्कर सीईएपेक्षा कितीतरी ताजी बातमी देतो. सिग्नाटेरासारख्या चाचणीत आधी रुग्णाच्याच गाठीचा नमुना वाचून त्यातील सोळा बदल निवडतात आणि मग रक्तात नेमके तेच शोधतात. सीईएमध्ये अशी रुग्णागणिक आखणी नाही. मात्र त्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळचे मेणाचे ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे, सुस्थितीत हवेत, रक्त वेगळ्या प्रकारच्या नळीत घ्यावे लागते, निकालाला दिवस नव्हे तर आठवडे लागतात, आणि खर्च अनेक हजारांत, प्रसंगी लाखाच्या घरात जातो. काकांच्या बाबतीत हा पर्याय चर्चेत आला होता.

त्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातील डायनॅमिक या अभ्यासाचा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुसऱ्या टप्प्यातील, म्हणजे आजार लसीकाग्रंथींपर्यंत न पोहोचलेल्या, ४५५ रुग्णांपैकी काहींची केमो नेहमीच्या निकषांवर आणि उर्वरितांची सीटीडीएनएवर ठरविली गेली. नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना केमो मिळाली, चाचणीच्या आधाराने फक्त १५ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनंतर आजार न उलटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९२.४ आणि ९३.५ टक्के राहिले. अनावश्यक केमो टाळणे हा फार मोठा लाभ आहे, आणि सीईए हे काम करू शकत नाही. परंतु काका तिसऱ्या टप्प्यात होते, त्यांची केमो झालेली होती आणि प्रश्न उरला होता तो निव्वळ पाठपुराव्याचा. रक्तात डीएनए सापडला पण स्कॅनमध्ये काहीच दिसले नाही, तर करायचे काय? जपानमधील अल्टेर या अभ्यासात नेमक्या अशा रुग्णांना ट्रायफ्लुरिडीन-टिपिरासिल हे औषध देऊन पाहिले गेले. २०२५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार आजाराविना गेलेला काळ ५.५५ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेला, तरी हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर सिद्ध होऊ शकला नाही. शिवाय फुप्फुसातील आणि पोटाच्या आवरणावरील छोट्या गाठी रक्तात फारच कमी डीएनए सोडतात, म्हणजे निसटण्याचा धोका येथेही आहेच. ऑन्कोलॉजिस्टनी हे सारे समोर मांडले आणि काकांनी ती चाचणी करायची नाही असे ठरविले. 'औषध ठाऊक नसलेली बातमी मला आगाऊ नको,' असे ते म्हणाले. त्यांच्या जागी तिशी-चाळिशीतला, दुसऱ्या टप्प्यातला आणि केमो घ्यावी की नाही या पेचात असलेला रुग्ण असता, तर मी खर्च करून ती चाचणी करून घ्या, असाच आग्रह धरला असता.

सीईएच्या विक्रीतील सर्वांत आक्षेपार्ह प्रकार म्हणजे निरोगी माणसांसाठीची 'कॅन्सर तपासणी पॅकेजेस'. वाढदिवस, महिला दिन किंवा दिवाळीच्या निमित्ताने सवलतीत मिळणाऱ्या या पॅकेजांत सीईए, सीए १९-९, सीए-१२५ असे मार्कर एकत्र बांधलेले असतात. कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात सीईए पुष्कळदा सामान्यच असते, त्यामुळे ज्यांना खरोखर आजार आहे त्यांच्यापैकी अनेकांना ही चाचणी खोटा धीर देते; आणि सर्वसामान्य लोकांत कर्करोग असलेले थोडे असल्याने, चढा आकडा आलेल्या बहुतेकांना प्रत्यक्षात काहीच नसते. सीए १९-९ ची तर आणखी एक गंमत आहे : ल्युइस या रक्तगटाचे प्रतिजन नसलेली माणसे, म्हणजे सुमारे पाच ते दहा टक्के लोकसंख्या, तो मार्कर तयारच करू शकत नाही, आणि हे पॅकेजच्या पत्रकावर कोठेही लिहिलेले नसते. आतड्याच्या कर्करोगाची चाळणी करायची असेल तर विष्ठेतील अदृश्य रक्ताची चाचणी आणि कोलोनोस्कोपी यांना पुराव्याचा आधार आहे. पत्रकात त्यांचे नाव नसते, कारण त्या सकाळी घरी येऊन एका नळीत उरकता येत नाहीत. काकांच्या आजाराची बातमी कळल्यानंतर आमच्या नात्यातील चार-पाच जणांनी असे पॅकेज घेतले. त्यांना हवी होती ती कोलोनोस्कोपी, कारण सख्ख्या नात्यात हा कर्करोग असणे हेच तिचे कारण असते. चुलत भावाने ती शेवटी करून घेतली, आणि तेही ऑन्कोलॉजिस्टनी काकांच्या फॉलोअपच्या वेळी स्वतःहून विषय काढला म्हणून.

सध्या आम्ही रुग्णालयाच्या लॅबमध्येच जातो. तेथे घरपोच सेवा नाही, रांग आहे आणि दर थोडा जास्त आहे. मात्र रिपोर्टवर मागील सर्व आकडे एका ओळीत, तारखांसह आणि पद्धतीच्या नावासह छापलेले असतात, आणि पायापेक्षा लक्षणीय वाढ दिसल्यास लॅबमधील डॉक्टर नमुना पुन्हा लावून मगच रिपोर्ट सोडतात. चाचणीला मी पाचपैकी चार गुण देईन, या लॅबला साडेचार, आणि ज्या लॅबने न सांगता पद्धत बदलली तिला रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञांच्या कौशल्याखातर दोन. घरपोच सेवाच घ्यायची असल्यास नोंदणी करतानाच नमुना कोणत्या शाखेत आणि कोणत्या पद्धतीने लावला जाईल हे लेखी विचारावे. उत्तर देता येत नसेल, तर ती लॅब साखरेच्या तपासणीसाठी ठेवावी.

पहिल्या दोन वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी आणि त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी, असे सर्वसाधारण वेळापत्रक मार्गदर्शक तत्त्वांत आढळते. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर नियमित सीईए थांबविली जाते, कारण आतड्याचा कर्करोग उलटायचा असेल तर बहुधा त्याच्या आतच, आणि त्यातही पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. काकांचा तो टप्पा आता जवळ आला आहे. जुन्या लॅबकडून मात्र 'आपली चाचणी करायची राहिली आहे' असे संदेश अजूनही येतात, आणि ते बंद करण्यासाठी दिलेला क्रमांक लागत नाही.